दोबारा काकांचे दोन डबे

दोबारा काका रस्त्यात कुणालाही ओळख दाखवत नसत. रायपुरातल्या तेलीबांध्याच्या तलावाभोवती रोज सकाळी ते तीन फेऱ्या मारायचे. त्या तीन फेऱ्यांत निदान तीस-चाळीस माणसं अशी भेटायची, की ज्यांच्या दंडाला काकांनी कधी ना कधी रक्त काढायला रबरी पट्टा बांधलेला असे. समोरून असा चेहरा आला की काका मान वळवून पाण्याकडे बघायला लागत. पाण्यात बघण्यासारखं काही नसे. नवख्या माणसाला वाटायचं, म्हातारा भलताच शिष्ट दिसतो. मलाही वाटलं होतं, आणि माझ्या थोरल्या बहिणीला, म्हणजे ताईला, मी ते चांगलं मोठ्याने बोलूनही दाखवलं होतं.

पुढे काकांनीच कारण सांगितलं. तरुणपणी ते एका लग्नाला गेले होते. नवऱ्या मुलाचे वडील दिसले, तर यांनी आपुलकीने विचारलं, आता तब्येत कशी आहे. शेजारी मुलीकडचे उभे होते. तब्येतीला काय झालं होतं, तुम्हाला कसं ठाऊक, तुम्ही कुठे नोकरीला, अशी चौकशी सुरू झाली आणि अक्षता पडायच्या वेळेला अर्धा मांडव दवाखान्यातल्या एका कागदाबद्दल बोलत होता. कागदात तसं काही नव्हतंही. लग्न लागलं, पण तासभर उशिरा, आणि मुलाच्या वडिलांनी काकांकडे जे पाहिलं ते काकांच्या मनातून गेलं नाही. "तेव्हापासून ठरवलं, बाई. लॅबच्या बाहेर मी कोनाले ओळखत नाही. त्यांनी हात केला तर मी करतो. नाही केला तर मी तलाव पाहून राहिलो." हात कुणी करत नसे. ज्यांचा रिपोर्ट वाईट आला ते त्यांना टाळायचे, आणि ज्यांचा चांगला आला त्यांनाही ती आठवण नको असायची.

काका मूळचे गोंदियाकडचे. वडील रेल्वेत होते, बदलीवर रायपूरला आले ते इथेच राहिले. काका सरकारी दवाखान्यातून लॅब टेक्निशियन म्हणून निवृत्त झाले आणि समता कॉलोनीत, आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांनी लॅब काढली. पुढे लॅब, मागे स्वतः. बायको फार पूर्वी वारलेली, मूलबाळ नाही. आमचं घराणं भोसल्यांच्या काळापासून रायपुरात, तेव्हा शुद्ध मराठी काय ते आमचंच अशी माझी समजूत. त्यातून मी शाळेत गणिताची शिक्षिका. काका 'मले', 'तुमाले' म्हणाले की मी मनातल्या मनात लाल पेन उघडायची. ताईही घरात तसंच बोलायची, पण ताईला टोकायची माझी कधी हिंमत झाली नाही.

नाव त्यांना गिऱ्हाइकांनी दिलं होतं. कुणाचाही रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की काकांचा पहिला शब्द ठरलेला, 'दोबारा'. म्हणजे याच्यापेक्षा पक्की अशी दुसरी तपासणी करून घ्या, तोवर स्वतःला आजारी समजू नका. "हेडमास्तरनं बोलावलं म्हंजे पोट्टा नापास झाला असं असते का? जाऊन पाहा न, काहून बोलावलं ते," असं ते मला मुद्दाम सांगत. हिंदी बोलणारे त्यांना 'दोबारा वाले अंकल' म्हणत, आम्ही त्याचं दोबारा काका केलं. पंडरीच्या कापडबाजारातले एक शेठजी दर वर्षी ताप आला की टायफॉइडची जुन्या पद्धतीची रक्ततपासणी करून घेत आणि ती दर वर्षी पॉझिटिव्ह येई. काका सांगून थकले की इथलं पाणी पिऊन लहानाचे मोठे झालेल्या पुष्कळ माणसांची ती पॉझिटिव्हच येते, त्यावरून आजचा ताप कसला ते कळत नाही, दुसरी तपासणी करा. शेठजींना ते पटत नसे. टायफॉइड हा आपल्या खानदानाचा ताप आहे अशा थाटात ते रिपोर्ट खिशात घालून जायचे.

सगळ्या लॅबा मोबाइलवर रिपोर्ट पाठवायला लागल्या तेव्हा काकांनीही पाठवायला सुरुवात केली, पण फक्त निगेटिव्ह. पॉझिटिव्ह आला तर नुसते दोन शब्द: 'येऊन जा'. आता लोक काही खुळे नव्हते. 'येऊन जा' वाचलं की घरात रडारड सुरू व्हायची. हे लक्षात आल्यावर काकांनी एक गंमतच केली. ज्यांचे रिपोर्ट अगदी ठणठणीत आहेत अशा काही जणांनाही ते 'येऊन जा' पाठवू लागले. माणूस धापा टाकत यायचा आणि काका थंडपणे सांगायचे, सगळं ठीक आहे, कागद घेऊन जा. लोक चिडायचे, भांडायचे. मीसुद्धा एकदा थायरॉइडसाठी अशीच हेलपाटा घालून भांडले आहे. काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुम्ही आल्या, म्हनून ज्याले खरंच बोलावलं तो रस्ताभर रडत नाही आला." मी कागद घेऊन घरी आले.

काकांच्या टेबलाखाली दोन डबे होते, एक बिस्किटांचा आणि एक मिठाईचा. दोन्हींत पंडरीच्या ठोक दुकानातून आणलेली शर्टाची पांढरी बटणं होती, मोजून हजार-हजार. बिस्किटांच्या डब्यातल्या दहा बटणांना काकांनी लाल दोरा बांधला होता. मिठाईच्या डब्यात तसा दोरा तीनशे बटणांना होता. लाल दोरा म्हणजे खरा आजारी. पॉझिटिव्ह आलेल्या माणसाला बसवून पाणी दिलं की काका आधी विचारायचे, काही त्रास होऊन राहिला म्हणून आले की असंच तपासायला आले? असंच आलेल्यासाठी बिस्किटांचा डबा उघडायचा. समजा, असंच आलेल्या हजारांत दहा खरे आजारी. समजा, तपासणी त्या दहांपैकी नऊ बरोबर पकडते, आणि शंभर निरोगी माणसांतल्या पाचांवर उगाच बोट ठेवते. मग काका स्टीलच्या ताटलीत नऊ दोऱ्याची बटणं काढायचे आणि त्यांच्यावर पन्नास साधी बटणं ओतायचे. "हे एकोणसाठ जण आज पॉझिटिव्ह. तुम्ही यातलेच एक. आता सांगा, दोरा असलेले किती?" एरवी हिशेबाला घाबरणारी माणसंही ताटलीतली बटणं बोटाने बाजूला करून बघायची आणि हळूहळू त्यांचा श्वास जागेवर यायचा.

ज्याला डॉक्टरने त्रासासाठी पाठवलं असेल त्याच्यासाठी दुसरा डबा. तिथे हजारांत तीनशे आजारी, त्यामुळे ताटलीत लाल दोरेच लाल दोरे. "तपासणी तेच, सुई तेच, मशीन तेच. डबा बदलला का अर्थ बदलते." हे वाक्य मी दहावीच्या वर्गात किती वेळा वापरलं असेन. काकांचं नाव मात्र कधी सांगितलं नाही.

एकदा मी कागद आणायला गेले होते तेव्हा बाकावर एक तरुण मुलगा भिंतीसारखा पांढरा होऊन बसला होता. कारखान्यात नोकरी लागत होती, तिथल्या तपासणीत कावीळ 'बी' पॉझिटिव्ह आली होती, आणि त्याने घरी न जाण्याचं ठरवलं होतं. काकांनी लॅबचं शटर अर्धं ओढलं आणि दुपारभर त्याच्याशी बटणं मोजली. दुसऱ्या, पक्क्या तपासणीत त्याला काहीही निघालं नाही. पुढे एका सकाळी मी काकांबरोबर तलावावर फेरी मारत होते, तेव्हा तो बायकोबरोबर दिसला आणि आमच्याकडे न बघता तरातरा निघून गेला. मी कृतघ्न म्हणाले. काकांचा चेहरा मात्र खुलला होता. "बरं झालं न. आता त्याले मले ओळखायचं काही कामच नाही." ते खरंच खूश होते, आणि त्या फेरीनंतर एकटेच बाकावर बसून राहिले, हेही मी पाहिलं.

आता ताईचं सांगायला हवं.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. वीज खात्यातून निवृत्त झालेली, लग्न न केलेली. मीही तशीच. आईबाबा गेल्यावर आम्ही दोघीच राहात होतो, आणि घरात शब्द ताईचा चालायचा. आमच्या गल्लीतल्या बायकांनी मिळून एकदा काकांकडे सगळ्या तपासण्या करायचं ठरवलं. साठीपुढच्यांसाठी त्यात शौचाची एक तपासणी होती, डोळ्यांना न दिसणारं रक्त जातं का ते कळतं. ती बाटली द्यायलाच ताई लाजेने अर्धी झाली होती. चार दिवसांनी मोबाइलवर आलं: 'येऊन जा'. मी म्हटलं, बोलावलं असेल उगाच, त्यांची खोड आहे.

काकांनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं. आम्हाला ते मोठ्या बाई आणि धाकट्या बाई म्हणत. विचारलं, मोठ्या बाई, वजन उतरलं का, पोटाची सवय बदलली का, कधी रक्त दिसलं का. ताई भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणाली, "नाही. मले काहीच नाही." त्या वर्षी दिवाळीपासून तिने दोनदा ब्लाउज आतून शिवून लहान करून घेतले होते. पहाटे ती न्हाणीघरात नळ मोठा सोडून बराच वेळ असायची. हे दोन्ही मला माहीत होतं. पण ताई एकदा नाही म्हणाल्यावर तिच्यासमोर, परक्या माणसादेखत, तसं नाही म्हणायची आमच्या घरात रीत नव्हती. मी गप्प बसले. काकांनी बिस्किटांचा डबा उघडला.

त्यांनी बटणं ओतायच्या आधीच मी तोंडी उत्तर दिलं. एकोणसाठपैकी पन्नास, म्हणजे पंचाऐंशी टक्के लोकांना काहीही नसणार. काका कौतुकाने हसले. त्या कौतुकाने मी किती फुलले होते ते आठवलं की आजही स्वतःचा राग येतो. ते मात्र पुढे म्हणाले होते, ताटलीत नऊ दोरेही आहेत, तेव्हा दुर्बीण घालून आतून पाहून घ्या, तारीख घेऊन टाका. डॉक्टरचा नंबरही लिहून दिला होता. ताई म्हणाली, लांबच्या नात्यातल्या भाच्याचं दुर्गला लग्न आहे, ते होऊ दे. मी म्हटलं, होऊ दे. रस्त्याने येताना मी तिला तीनदा ते पंचाऐंशी टक्के सांगितलं. ज्याला यातलं गणित कळलं नसतं तो घाबरून दुसऱ्याच दिवशी गेला असता. मला कळलं होतं, म्हणून कागद देवघराच्या खणात गेला आणि सात महिने तिथे राहिला.

सात महिन्यांनी ताई स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडली. मोठ्या दवाखान्यात दुर्बीण घातली, आणि मग डॉक्टरांनी मला बाजूला न घेता तिच्यासमोरच सांगितलं, आतड्याचा कर्करोग आहे, बराच पुढे गेलेला आहे. त्यांनी विचारलं, त्रास कधीपासून? ताई माझ्याकडे न बघता म्हणाली, "वरीस झालं असेल." म्हणजे काकांनी डबा उघडला तेव्हा ती त्या डब्यातली नव्हतीच. माझी बेरीज बरोबर होती, वजाबाकी बरोबर होती, टक्केवारी बरोबर होती. डबा चुकला होता, आणि तो चुकतो आहे हे त्या खोलीत दोघींना माहीत होतं.

ताई त्यानंतर अकरा महिने होती. तेराव्यानंतर मी लॅबमध्ये गेले आणि काकांना नको ते बोलले. बटणं दाखवून तुम्ही आम्हाला झोपवलंत, असं म्हणाले. बाकावर दोन माणसं होती, ती उठून गेली. काकांनी सगळं ऐकून घेतलं. 'मी विचारलं होतं, मोठ्या बाई नाही म्हणाल्या', एवढं एकच वाक्य त्यांच्यापाशी होतं आणि ते त्यांनी उच्चारलं नाही. पुढेही कधी उच्चारलं नाही. मग म्हणाले, "त्या रिपोर्टनंतर मोठ्या बाई तलावावर दिसल्या होत्या मले. लय उतरल्या होत्या. मी थांबलो होतो. त्यांनी तोंड फिरवलं, म्हनून मीही फिरवलं. तिथं थांबायले पाह्यजे होतं." मी तशीच बाहेर पडले. वर्षभर आमच्या गल्लीच्या तोंडावरून गेले नाही, मागच्या रस्त्याने लांबून जायची.

त्या वर्षात मी निवृत्त झाले. घरात दोन पलंग होते. सकाळी दोन कपांचं आधण ठेवलं जायचं आणि एक कप ओतून द्यावा लागायचा. शाळेतल्या बायका पहिले दोन महिने आल्या, नंतर फोन करायच्या, नंतर सणावारी संदेश. पोटात जरा गुडगुडलं तरी मला ताई आठवायची. शेवटी मी दूरच्या एका लॅबमध्ये जाऊन तीच शौचाची तपासणी गुपचूप करून घेतली. निगेटिव्ह आली. मोबाइलवर तो हिरवा शब्द बघत मी बराच वेळ बसले, आणि मग लक्षात आलं की हा दाखवायला मला कोणी नाही. म्हणून काकांकडे गेले. दुसरं काही कारण नव्हतं.

काकांनी चष्मा वर करून रिपोर्ट वाचला. मला वाटलं, म्हणतील, छान. ते म्हणाले, "सख्ख्या बहिनीले झालं आहे. तुम्ही त्या बिस्किटच्या डब्यातल्या नाही, धाकट्या बाई. तुमच्या निगेटिव्हचा अर्थबी वेगळा. दुर्बीण घालून घ्या." मी हट्टाने म्हटलं, मांडून दाखवा, किती फरक पडतो. त्यांनी टेबलाखाली हात घातला नाही. "आधी तारीख. बटनं मग." मला कळलं की ताईनंतर त्यांनी पद्धत बदलली होती. आता समोरच्याने फोन करून दुसऱ्या तपासणीची तारीख घेतल्याशिवाय ते डबे बाहेर काढत नसत. त्यांनी स्वतः नंबर फिरवून फोन माझ्या हातात दिला.

दुर्बिणीच्या तपासणीला भूल देतात, तेव्हा सोबत कुणीतरी लागतं, नाहीतर दवाखाना करतच नाही. दुर्गचा भाचा परदेशी गेला होता. मी तारीख रद्द करायच्या विचारात होते, तेवढ्यात काका म्हणाले, मी येतो. काउंटरवरच्या मुलीने फॉर्म भरताना विचारलं, "अंकल, पेशेंट से रिश्ता?" काका म्हणाले, "भाई." मुलीने लिहून घेतलं. मी शुद्धीवर आले तेव्हा ते प्लास्टिकच्या खुर्चीवर माझी पर्स मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसलेले दिसले. पाच तास तसेच बसले होते, असं नर्सने सांगितलं.

आत एक पॉलिप, म्हणजे आतड्याच्या आतल्या बाजूला वाढलेली छोटी गाठ, सापडला होता, तो काढून टाकला. तपासून साधाच निघाला, पण तीन वर्षांनी पुन्हा यायला सांगितलं. परत येताना रिक्षात मी म्हटलं, काका, तुम्ही मला वाचवलंत. त्यांनी लगेच मान हलवली. अशा गाठी पुष्कळ जणांत असतात, बहुतेक काही करत नाहीत, ही करणार होती की नाही ते आता कुणालाच कळणार नाही, तेव्हा वाचवलं वगैरे म्हणू नका. माणसाने जरा कौतुक घ्यायला काय हरकत होती? मग मी इतके दिवस मनात ठेवलेलं विचारलं. आम्ही त्याच महिन्यात गेलो असतो तर ताई राहिली असती का?

"मोठ्या बाईंसारख्या हजार जनींचं कोनी सांगू शकेल," ते म्हणाले. "त्यांचं एकटीचं नाही सांगता येत. मले माहीत नाही. माहीत असतं तर तुमाले सांगितलं असतं." रिक्षा पंडरीच्या गर्दीत अडकली होती. तोवर मला पुष्कळांनी सांगितलं होतं, तुझा काही दोष नाही, आणि त्यातल्या एकावरही माझा विश्वास बसला नव्हता. काकांवर बसला. मी तिथेच रडले. ते बाहेर साड्यांच्या दुकानांकडे बघत राहिले, पण या वेळी माझ्या हातावर हात ठेवून.

त्यानंतर मी रोज दुपारी लॅबमध्ये बसायला लागले. काकांनी मागची खोली मला दिली. पॉझिटिव्ह आलेली बाई असली की आधी तिला माझ्याकडे पाठवायचे, दार लोटून घ्यायचे. त्रासाचं मी विचारायची. पुरुषासमोर न सांगितलेलं बायका मला सांगायच्या. छत्तीसगढी बोलणारी एक भाजीवाली बराच वेळ पदराचं टोक पिळत बसली आणि मग हळूच म्हणाली, "हव दीदी, दू महीना होगे." मी बाहेर येऊन काकांना बोटाने दुसरा डबा दाखवला. ती त्याच आठवड्यात दवाखान्यात पोहोचली. पुढे तिचं काय झालं आम्हाला कळलं नाही. काका म्हणायचे, आपल्याला पुढचं कळत नाही, ते कळायची सवय लावून घेऊ नये.

दीड वर्ष असं चाललं. माझ्या निवृत्तीनंतरचे हे सगळ्यांत बरे दिवस होते, हे मी त्यांना कधी बोलले नाही. मग एका मंगळवारी शटर उघडलं नाही. शेजाऱ्यांनी दार तोडलं तर काका पलंगावर होते, झोपेतच गेले होते. गोंदियाहून पुतण्या आला, भला माणूस, पण घाईत होता. स्मशानात आम्ही सात जण होतो. पुतण्याने तीन दिवसांत खोल्या रिकाम्या केल्या. डब्यांचं त्याने काय केलं ते मी विचारलं नाही. दोन हजार बटणं पाहून तो काय समजला असेल, देव जाणे. तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात.

दुपारी मी कुठे जात नाही. गल्लीतली एखादी बाई मोबाइलवर रिपोर्ट दाखवायला येते, तिला आधी विचारते, त्रास काय होतो, खरं सांग. मग माझ्यासमोर फोन करायला लावते. तारीख मिळाली की चहा करते आणि कागदावर हिशेब मांडून दाखवते. बटणांनी जेवढं पटायचं तेवढं कागदाने पटत नाही. काही जणी दुसऱ्या तपासणीला जाऊन येतात आणि नंतर गल्लीत भेटल्या तर घाईत असतात. मला राग येतो. काकांना कसा येत नसे, ते मला अजून जमलेलं नाही.

या महिन्यात माझ्या त्या तपासणीला तीन वर्षं पूर्ण झाली. मी दवाखान्यात फोन केला. मुलगी नवीन होती, आवाज गोड होता. नाव, वय, आधीची तपासणी, घरात कुणाला होतं, सगळं विचारून झाल्यावर म्हणाली, "साथ में कौन आएगा, मैम?"

मी म्हटलं, "पिछली बार भाई आए थे."

"तो इस बार भी वही आएंगे? नाम लिख दूँ?"

वरच्या मजल्यावरच्या बाई मुलाकडे पुण्याला असतात. शाळेतली एक मैत्रीण आहे, तिचे गुडघे गेलेत. भाचा परदेशी आहे. त्या मुलीने दोनदा हॅलो म्हटलं. मी तिला सांगितलं, तू तारीख दे, नाव नंतर सांगते. तिने पुढचा गुरुवार दिला, आणि बजावलं की नावाशिवाय आत घेणार नाहीत.

आज सोमवार आहे. दवाखान्यातून फॉर्म आणून, भरून टेबलावर ठेवला आहे. सोबत येणाऱ्याचं नाव आणि नातं, एवढी एक ओळ भरायची राहिली आहे.